वीस ठिपक्यांचे आबा

नुसत्या अंगाच्या हालचालींनी टीव्हीवरचे खेळ खेळायचं मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट नावाचं यंत्र 4 नोव्हेंबर 2010 ला अमेरिकेत विक्रीला आलं. त्याआधीच्या खंडेनवमीला ते बेळगावच्या वडगावात, माझ्या माहेरच्या सोप्यात, टीव्हीच्या शेजारी बसलेलं होतं. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण तसं लिहून दिलं होतं. आता ते यंत्र बनायचंही थांबलं आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आमच्या दादाचा मुलगा तेव्हा बेंगळुरूत एका कंपनीत होता. ती कंपनी या नव्या यंत्रासाठी खेळ तयार करत होती. ज्यांनी जन्मात कधी व्हिडिओ गेमला हात लावलेला नाही अशी माणसं त्यांना तपासणीसाठी हवी होती. भाच्याने आपल्या घराचं नाव सुचवलं, परवानगी काढली आणि रात्रीच्या बसने पेटी मांडीवर घेऊन आला. फोटो काढायचा नाही, बाहेर बोलायचं नाही, अशा कागदावर आमच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा लावून मराठीत सही केली आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला.

दिवस त्याने विचार करून निवडला होता. आमच्या गल्लीत घराघरांत यंत्रमाग. सकाळी सुरू झालेली खटखट रात्री थांबते, आणि तिची इतकी सवय की वीज गेली की झोपलेली पोरं दचकून उठतात. या यंत्राला चार मायक्रोफोन होते, बोललेली आज्ञा ते ऐकणार होतं. मागांच्या आवाजात ते जमणं शक्य नव्हतं. खंडेनवमीला मात्र सगळे माग धुऊन-पुसून, हळद-कुंकू आणि झेंडूचे हार लेऊन गप्प बसलेले असतात. वर्षातून त्या दिवशी आमच्या गल्लीत माणसाचा साधा आवाज दोन घरं पलीकडे जातो.

किनेक्टसमोर एकटा माणूस सहा फुटांवर उभा राहावा लागतो, दोघे असतील तर आठ फूट. विणकराच्या घरात आठ फूट मोकळी जमीन कुठून आणायची? जागा आधी मागाची, मग सुताची, मग माणसांची. पलंग बाहेर काढला, सुताची पोती मागच्या परड्यात नेली, आजोळहून आलेली लाकडी पेटी दोघांनी उचलली. मग भाचा म्हणाला, दार लावून घ्या, ऊन येतंय. सणाच्या दिवशी भर दुपारी दार बंद बघून शेजारच्या काकू दोनदा कडी वाजवून गेल्या, "बरं हाय नव्हं गे सगळं?" म्हणून.

उन्हाचं कारण मला लगेच कळलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. हे यंत्र अवरक्त किरणांवर चालायचं. पेटीच्या एका भिंगातून ते समोरच्या खोलीवर अवरक्त ठिपक्यांची एक ठरावीक नक्षी फेकतं. ती डोळ्यांना दिसत नाही, भिंगाच्या तोंडाशी तेवढी मंद तांबूस चमक जाणवते. शेजारचा कॅमेरा ती नक्षी वाचतो. जवळच्या वस्तूवर ठिपके एका बाजूला सरकतात, लांबच्या वस्तूवर वेगळे सरकतात, आणि त्या सरकण्यावरून प्रत्येक बिंदू किती लांब आहे याचा हिशेब होतो, सेकंदाला तीस वेळा. उन्हात इतके अवरक्त किरण असतात की ही नक्षी त्यात बुडून जाते. हे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं होतं, त्यावर मायक्रोसॉफ्टने आपला डोलारा उभा केला होता. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबून दाखवते, पडद्यावर जांभळट दिवा लुकलुकतो आणि वर्ग "आं!" करतो. तोच अदृश्य प्रकाश इथे अख्ख्या खोलीचं मोजमाप घेत होता.

हालचालीवर चालणारे खेळ त्याआधीही होते. निन्टेन्डोचं वी 2006 साली आलं तेव्हा जगभर लोक टीव्हीसमोर टेनिस खेळायला लागले. पण त्यात हातात एक दांडा धरावा लागायचा. दांड्यातला संवेदक हाताचा झटका ओळखायचा, आणि टीव्हीवर ठेवलेली पट्टी म्हणजे नुसते दोन टोकांचे अवरक्त दिवे. त्या जागी दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी दांड्याचं काम चालायचं. फार हुशारीचं काम होतं ते. तरी शेवटी यंत्राला कळायचा तो दांडा. माणूस कळायचा नाही. किनेक्टमध्ये दांडा नव्हता, बटणही नव्हतं. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे आणि त्याच्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

आई पूजेचं ताट घेऊन आली ती सरळ त्या पेटीकडेच गेली. भाचा ओरडला, "आजी, लाव की हळद-कुंकू, खरं डोळ्याला नको!" आईने मग पेटीच्या कडेला, भिंगांपासून लांब, बोट टेकवलं. "मागाला केलं, मग ह्याला नको काय गा? हे पण कामाचंच हाय नव्हं तुझ्या?" भाच्याने वाकून तिला आणि पेटीला दोघांनाही नमस्कार केला. ती पुढे कंपनीत परत गेली तेव्हा त्या कडेला पिवळा डाग असणार.

खेळ होता चेंडू परतवण्याचा. समोरून चेंडू येतात, हाताने, पायाने, डोक्याने उडवायचे. मी आधी उभी राहिले. हात जमले, पाय जमेनात. गोल नेसलेल्या साडीत यंत्राला माझे दोन पाय वेगळे दिसेनात, पडद्यावरच्या माझ्या आकृतीचे गुडघे एकमेकांत अडकायचे, मधूनच एक पाय नाहीसाच व्हायचा. माझ्यानंतर आई. तिचं नऊवारी, काष्टा घातलेला. तिचे पाय यंत्राने पहिल्या क्षणी ओळखले, आणि पंच्याहत्तरीची माझी आई लाथेने चेंडू उडवायला लागली. भाचा वहीत भराभर लिहीत होता. त्याने समजावून सांगितलं की शरीराचे अवयव ओळखायला या यंत्राला आधी शिकवलेलं असतं, संगणकात तयार केलेल्या हजारो आकृत्या दाखवून: उंच, बुटकी, जाड, किडकिडीत, वाकलेली, हात पसरलेली. त्यातून ते प्रत्येक बिंदूबद्दल ठरवतं की हा कोपर, हा गुडघा, हा खांदा. मला वाटतं, त्या आकृत्या तयार करताना सहावारी साडी कुणाच्या डोळ्यांसमोर नसावी. जगातल्या एवढ्या बायकांचा हा रोजचा वेश आहे, आणि त्याची आठवण करून द्यायला वडगावातलं एक बंद दार लागलं. भाच्याने ते ठळक अक्षरात लिहून घेतलं याचं मला आजही समाधान आहे.

आबा इतका वेळ कोपऱ्यात बसून बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. आधी खड्ड्यातला हातमाग, मग यंत्रमागांवर देखरेख, मग गुडघे गेले म्हणून घर. भाचा लहान असताना कुठून तरी गेम आणून बटणं त्यांच्या हातात द्यायचा, तेव्हा ते हसून परत द्यायचे. बोटं जाड झाली होती, बटणं बारीक होती, आणि कुठलं बटण कशाला हे इंग्रजीत होतं. आबा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला, तेव्हा ते ऐन उमेदीत होते. त्यानंतर घरी येणारं वीजबिल, मागाचा परवाना, कर्जाची नोटीस, यातलं काहीही त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं. पलीकडच्या घरातले कन्नड बोलणारे काका ते वाचून द्यायचे, आणि त्यांची चिठ्ठी मराठीत आली की आबा. माणसांचं भागत होतं. पण यंत्र म्हटलं की आबा अंग आखडून घ्यायचे, कारण प्रत्येक यंत्र आधी काहीतरी वाचायला लावतं.

"ह्येला हात कुठं लावायचा?" त्यांनी विचारलं.

"लावायचाच नाही आबा. नुसतं उभं राहायचं. ते बघूलालंय की तुम्हाला."

आबा उभे राहिले. भाच्याने खेळ बंद करून तपासणीचा पडदा लावला. त्यात रंग नाही, चेहरा नाही. काळ्या पडद्यावर वीस ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा: डोकं, मान, पाठीचा कणा, कंबर, आणि दोन्ही बाजूंना खांदा, कोपर, मनगट, पंजा, खुबा, गुडघा, घोटा, पाऊल. आबांनी हात वर केला, ठिपक्यांनी केला. "हे मी काय गा?" म्हणत ते पुढे झुकले, ठिपकेही झुकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबा ताठ उभे असतानाही उजव्या खांद्याचा ठिपका डाव्यापेक्षा खाली आहे. जन्मभर त्यांना बघत आले होते. धोतर-सदऱ्यात, चालताना, जेवताना ते कधी दिसलं नव्हतं. नुसत्या ठिपक्यांत ते स्पष्ट दिसलं.

"आबा, चेंडू नको," भाचा म्हणाला, "माग कसा चालवत होता ते करून दाखवा."

भाच्याच्या जन्माआधीच आमचा हातमाग मोडला होता. लाकूड अर्धं चुलीत गेलं, खड्डा बुजवून वर फरशी बसली. त्याने आजोबांना विणताना कधीच पाहिलं नव्हतं. यंत्रमाग बघतच तो वाढला, पण यंत्रमागाला माणसाचं अंग लागत नाही, लक्ष लागतं.

आबा क्षणभर थांबले आणि मग सुरू झाले. एक पाय दाबला. म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन थर झाले, मध्ये वाट झाली. उजव्या हाताने मुठीच्या दोरीला झटका. म्हणजे धोटा त्या वाटेतून आडवा धागा सोडत पलीकडे गेला. डावा हात छातीकडे. म्हणजे फणीने तो धागा ठोकून बसवला. दुसरा पाय, झटका, ठोक. पहिला पाय, झटका, ठोक. खोलीत माग नव्हता, दोरी नव्हती, धोटा नव्हता, तरी आबांच्या हाताला त्यांचं वजन लागत होतं, कारण झटक्यानंतर कोपर दर वेळी तेवढंच मागे येत होतं. आईने तोंडाला पदर लावला. ती रहाटावर कांड्या भरायची, तिच्या कानांत तो ठेका मुरलेला. ती पुटपुटली, "पायाचा ठोका थोडा मागं पडूलालाय." आबांनी ऐकलं आणि वेग वाढवला.

पडद्यावर जे दिसत होतं ते मला मागाशेजारी बसून कधी दिसलं नसतं, तिथे नजर सतत कापडावर जाते. झटका मनगटातून निघत नव्हता. आधी उजवा खांदा किंचित खाली जायचा, मग कोपर, मग मनगट, लाट गेल्यासारखं. आणि खांदा खाली जायच्या आधीच विरुद्ध बाजूचा गुडघा निघालेला असायचा. हात चालू असताना पुढच्या धाग्याची तयारी पायाने केलेली असायची. भाच्याने ते मुद्रित, म्हणजे रेकॉर्ड, केलं आणि सावकाश करून पुन्हा दाखवलं. आबा स्वतःकडे बघत होते. मग म्हणाले, "असंच हाय. पाय पुढं, हात मागनं. मला शिकवताना माझ्या बापानं माझ्या मांडीवर चापट मारून हेच शिकवलं. सांगता येत नाही, म्हणून चापट."

ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं. माझ्या पेशात सगळं ज्ञान शब्दांत आणि आकृत्यांत येतं. आमच्या घरातलं ज्ञान तसं नव्हतं. बेळगावच्या जुन्या साड्या कपाटांत सापडतील, पदराची नावं, काठांचे रंग जाणकार लिहून ठेवतील. मागांची संख्या मोजली जाते, मीटर मोजले जातात. पण साडी तयार होताना अंग काय करत होतं, कुठला सांधा आधी आणि कुठला नंतर, हे कुठल्या वहीत लिहिलं आहे? एका माणसाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात ते चापटीने जात राहिलं, आणि धावत्या धोट्याचा माग जॉन के याने 1733 मध्ये इंग्लंडात काढला तेव्हापासून जगभरच्या किती मांड्यांवर त्या चापट्या बसल्या असतील. आमच्या घरात तो धागा दादाच्या पिढीत तुटला. पुढे काही दशकांनी चेंडू उडवायच्या खेळासाठी बनवलेलं एक यंत्र घरात आलं आणि त्याने आबांना पहिल्यांदाच विचारलं, तुमचं अंग काय जाणतं ते दाखवा. वाचून दाखवा म्हणालं नाही, कुठली भाषा येते म्हणालं नाही.

सगळं काही त्याला कळलं नाही. धागा तुटला की विणकर तो सांधतो, अंगठा आणि दोन बोटांत, न बघता, डोळ्याची पापणी लवायच्या आत. आबांनी तेही केलं. पण त्या यंत्रात पंजा म्हणजे एकच ठिपका, बोटं नाहीतच. पडद्यावर तो ठिपका नुसता थरथरला. सर्वांत अवघड काम त्या थरथरीत संपलं. 2013 मध्ये दुसऱ्या पिढीचा किनेक्ट आला, त्यात सांधे पंचवीस झाले, अंगठा आणि बोटांचं टोक धरून, तेव्हा मला आधी ती गाठ आठवली. मागावर असल्यासारखं बसून दाखवावं म्हणून आबा स्टुलावर बसले, तर पायांचे ठिपके सैरभैर झाले. ते यंत्र उभ्या माणसासाठी होतं. भारतातले कितीतरी कारागीर बसून काम करतात.

भाचा दसरा करून परत गेला. आबांचं मुद्रण कंपनीच्या संगणकावर होतं. त्याने ते मागून पाहिलं, आजोबांचं आहे, खेळाशी संबंध नाही, असं सांगून पाहिलं. तपासणीत जमलेली सगळी माहिती कंपनीच्या मालकीची, आणि काम संपल्यावर ती पुसायची, असा नियम होता. पुसली गेली. नियम माणसांच्या खासगीपणासाठी केलेला होता हे मला समजतं. पण ज्याच्या अंगातून ते निघालं त्याला स्वतःची प्रत मिळू नये हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. पुढे तीन वर्षांनी आबा गेले.

यंत्र बाजारात आलं आणि पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख विकलं गेलं, हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पण माझ्यासाठी मोठी बातमी वेगळी होती. एका अमेरिकन दुकानाने बक्षीस लावलं होतं: हे यंत्र साध्या संगणकाला जोडून चालवायची आज्ञावली जो सर्वांसाठी खुली करेल त्याला तीन हजार डॉलर. विक्री सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत, 10 नोव्हेंबर 2010 ला, हेक्टर मार्टिन या स्पॅनिश तरुणाने ते करून दाखवलं. म्हणजे खेळाचं यंत्र नको, कंपनीची परवानगी नको. पेटी, संगणक आणि शिकायची तयारी असली की मोजमाप तुमचं, मुद्रणही तुमचं. दीडशे डॉलरच्या पेटीने खोलीची खोली मोजणं तोवर कुणाला शक्य नव्हतं. खेळ म्हणून ते पुढे फार टिकलं नाही, 2017 मध्ये उत्पादनच थांबलं. प्राइमसेन्स त्याआधी 2013 मध्येच ॲपलने विकत घेतली, आणि आज आयफोनला चेहरा दाखवून कुलूप उघडतं तेव्हा त्याच जातीचे अदृश्य ठिपके चेहऱ्यावर पडतात.

जुन्या पेट्या आता भंगाराच्या भावात मिळतात. माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी, आता इंजिनिअरिंगला आहेत ते, अशा दोन मिळवल्या. बेळगावच्याच खासबागेत एका मावशींकडे हातमाग अजून चालू आहे, खड्ड्यातला. त्यांचं अंग खड्ड्यात कमरेपर्यंत, त्यामुळे समोरच्या यंत्राला पाय दिसत नाहीत. दुसरं यंत्र खाली, खड्ड्याच्या तोंडाशी लावावं लागलं. मग दोन्ही यंत्रांचे ठिपके एकमेकांत मिसळायला लागले आणि मोजमापात भोकं पडली. यावर संशोधकांनी एक सुंदर उपाय काढलेला आहे: एका यंत्राला छोटी मोटर बांधून ते किंचित थरथरवत ठेवायचं. त्याचा कॅमेरा आणि त्याची नक्षी बरोबरच हलतात, म्हणून त्याला स्वतःचे ठिपके नीट दिसतात, दुसऱ्याचे पुसट होतात. पोरांनी जुन्या मोबाइलमधली कंपनाची मोटर काढून बसवली आणि ते जमलं. मुद्रणाची एक प्रत मावशींच्या मुलाकडे पहिल्यांदा द्यायची, मग बाकीच्यांनी घ्यायची, असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि तसंच केलं.

आता यादी लांब आहे. शहापुरात मांडे करणाऱ्या बायका आहेत, कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कागदासारखा पातळ करून पालथ्या भांड्यावर टाकतात. तिथे भट्टीची धग आहे आणि धग म्हणजे अवरक्तच, त्यामुळे यंत्र किती लांब ठेवायचं हे आधी पेटलेल्या रिकाम्या भट्टीवर तपासावं लागेल. उद्यमबागेत ओतकामाचे साचे हाताने ठोकून भरणारे जुने कामगार आहेत, तिथे धूळ आहे. तुमच्या घरात माळ्यावर जुना किनेक्ट पडला असेल तर भंगारात घालू नका. त्याची वीजजोडणीची वेगळी वायर असते, ती बहुतेकांकडून हरवते, तीही शोधा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मांड्यांपासून सुरुवात करणार आहोत.